उगवतीची बुटकी घरं

नव्या नवरीनं मान खाली घालून चालायचं असतं. मी मान खाली घातली, पण डोळे वरच ठेवले, आणि सासरच्या गल्लीत पाऊल टाकल्या टाकल्या मला दोन गोष्टी खटकल्या. पहिली म्हणजे ही गल्ली सरळ होती. स्टेशनावरून टांग्यानं येताना जेवढं बेळगाव दिसलं तेवढं सगळं वाकडंतिकडं. कुणाचा कट्टा पुढं आलेला, कुणाची पायरी रस्त्यात, एका बोळात तर टांगेवाल्यानं खाली उतरून घोड्याला लगाम धरून नेलं. इथं मात्र एका टोकाच्या विहिरीपाशी उभं राहिलं की दुसऱ्या टोकाचं देवीचं देऊळ दिसत होतं, मधे एक दगड म्हणून आडवा नाही. दुसरी गोष्ट, गल्लीच्या मावळतीकडच्या घरांना माड्या होत्या आणि उगवतीकडच्या एकाही घराला नव्हती. आमचं घर उगवतीकडं होतं.

पाठराखणीला आलेल्या मावशीला मी हळूच विचारलं, "एका बाजूची घरं अशी बुटकी का गं?" तिनं मला चिमटा काढला. सासरचा उंबरा ओलांडायच्या आत माझा पहिला प्रश्न विचारून झाला होता आणि पहिला चिमटाही खाऊन झाला होता. पुढं दोन्हींची सवय झाली.

माझं माहेर गुंजीचं. माहेर म्हणजे स्टेशनाजवळची रेल्वेची दोन खोल्यांची जागा, पुढं रूळ आणि मागं रान. आम्ही जातीचे विणकर, पण आजोबांनी माग मोडला आणि वडील रेल्वेत रुळांचे सांधे बदलणारे सांधेवाले झाले. त्यामुळं उभा ताणा कुठला आणि आडवा बाणा कुठला, हे मला एकोणिसाव्या वर्षी लग्न होईपर्यंत ठाऊक नव्हतं. एकोणिसावं म्हणजे त्या काळच्या मानानं मी थोराडच. रानात स्थळं कुठून येणार? वडिलांनी मला चौथीपर्यंत शिकवलं आणि येणाऱ्याजाणाऱ्या उतारूंना प्रश्न विचारू दिले. त्याचं पुढं काय होईल याचा विचार त्यांनी केला नसावा.

गुंजीत शेजारणीला हाक मारायची तर घसा ताणावा लागे. इथं शेजारीण कुशीवर वळली तरी कळायचं, कारण भिंत सामाईक. दोन खोल्या, एक पडवी, त्यात तीन माग आणि अकरा माणसं. मागाला जमिनीत खड्डा लागतो, विणणारा त्यात पाय सोडून बसतो, म्हणजे तेवढी जमीनही गेली. उरलेल्या जागेत चूल, पाण्याच्या घागरी, सुताच्या लडी आणि आम्ही. सासूबाई म्हणायच्या, "आमच्या घरात एका मुंगीनं आत याचं तर दुसरीनं भाईर पडाया पायजे."

गल्ली सरळ का, ते दुसऱ्याच दिवशी उजाडता उजाडता कळलं. मी सडा घालायला दार उघडलं तर विहिरीपासून देवळापर्यंत, कमरेइतक्या उंचीवर, सुताचा पांढरा रस्ताच टाकलेला. तो ताणा. लुगड्याचे उभे धागे विणायच्या आधी असे लांब ताणून त्यांना पिठाची पातळ खळ लावायची, म्हणजे धागा कणखर होतो आणि मागावर तुटत नाही. याला पांजणी म्हणतात. दोन्ही बाजूंनी दोन गडी लांबच लांब कुंचे घेऊन एकमेकांकडं बघत पावलं टाकत होते, आणि घरातल्या बायका तुटलेला धागा सांधायला मागून चालल्या होत्या. उन्हं चढेपर्यंत ताणा वाळायचा आणि मग गुंडाळायचा. तेवढा वेळ गल्लीत बैलगाडी सोडाच, कुत्रंसुद्धा शिरत नसे. गावातल्या कुत्र्यांनाही हा नियम ठाऊक होता की काय कोण जाणे.

एक ताणा सहा लुगड्यांचा, आणि सहा लुगडी म्हणजे आमची अख्खी गल्ली. कुणी कट्टा बांधला तर तो ताण्यात घुसणार, म्हणून कुणी बांधायचाच नाही. बाकीच्या शहरात ज्याला जशी जागा मिळाली तसा तो पसरला, पण आमची गल्ली सुतानं आखलेली होती. पाच-सहा घरांत पाळी असायची. आज आमचा ताणा, उद्या समोरच्यांचा, परवा शेजारच्यांचा.

सरळपणाचं कोडं सुटलं, पण बुटक्या घरांचं राहिलं. आणि त्या कोड्यात मी स्वतःच राहायला गेले.

त्याचं असं, की अकरा माणसांत नव्या जोडप्यानं झोपायचं कुठं? मला वाटलं होतं, कुठं तरी पडदाबिडदा लावतील. सासूबाईंनी माझ्या हातात कंदील आणि काखेत चटई दिली आणि समोरच्या घराकडं बोट केलं. आमच्या गल्लीची रीतच तशी होती. उगवतीच्या घरात लग्न झालं की नवराबायकोला समोरच्या मावळतीच्या घरानं आपली माडी वर्षभर द्यायची. बाळंतपणही तिथंच. याला भाडं नाही आणि त्याचे उपकारही नाहीत.

समोरचं घर आक्काचं. सगळी गल्ली तिला आक्काच म्हणायची. पन्नाशीची, विधवा, अंगानं काटकुळी. घरात कानडी बोलायची, आमच्याशी मराठी, आणि रागावली की सगळ्यांशीच कानडी. रोज दिवेलागणीला मी गल्ली ओलांडून तिच्या घरात शिरायची, मागाच्या खड्ड्याला वळसा घालायची आणि जेवायला बसलेल्या तिच्या मुलांच्या पाठीमागून जिना गाठायची. पहिले आठ दिवस मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं व्हायचं. नवव्या दिवशी आक्का म्हणाली, "किती खाली बघून जातीस गं पोरी? खड्ड्यात पडशील. सरळ चाल. ही माडी तुमचीच हाय, आमी नुसती राखतोय."

आमचीच कशी? झालं, माझ्या डोक्यात भुंगा शिरला.

मी विचारत सुटले. सासूबाई म्हणाल्या, देवीला चालत नाही, देवळाच्या कळसापेक्षा घर उंच करायचं नाही. मी दर्शनाच्या निमित्तानं जाऊन पाहिलं, तर मावळतीच्या माड्या कळसापेक्षा हातभर उंचच होत्या. मग देवी फक्त उगवतीवरच का रागावते? जाऊ म्हणाली, आपण उगवतीचे लोक गरीब. पण मावळतीकडंही भाकरी आणि आमटीच शिजत होती, वास मला रोज येत होता. कोपऱ्यावरचा शिंपी म्हणाला, प्लेगात सगळे घरं सोडून माळावर झोपड्या घालून राहिले, परत आल्यावर ज्यांच्यात धुगधुगी होती त्यांनी माड्या चढवल्या. आता धुगधुगी काय गल्लीची बाजू बघून उरते? मामंजींशी सुनेनं बोलायचं नसे, म्हणून मी घरच्यांकरवी, म्हणजे नवऱ्याकरवी विचारलं. उत्तर आलं ते असं: "माज्या बानं सांगितलंय, उगवतीनं माडी चढवायची न्हाय. त्याला त्याच्या बानं सांगितलं. आता ही कोन नवीन इचारनारी आली?"

म्हणजे नियम सगळ्यांना पाठ होता आणि कारण एकालाही ठाऊक नव्हतं. मला याची गंमत वाटायची, रागही यायचा.

वर्ष संपलं. शेजारच्या घरात लग्न ठरलं आणि त्यांच्या समोरची माडी गळकी होती म्हणून आक्काची माडी त्यांना गेली. मी घरी परतले. घरी म्हणजे चुलीपुढं, सासूबाई, जाऊ आणि तिच्या पोरींच्या मधे. आमचे हे इतर पुरुषांबरोबर बाहेर गल्लीत अंथरूण टाकायचे. तोवर मला दिवस गेले होते. नवऱ्याशी दोन शब्द बोलायचे तर विहिरीवर पाणी शेंदताना बोलायचे, तेही शेजारीण कळशी भरून गेल्यावर. मला एक खोली हवी होती. दुसरं काही नको, दागिना नको, लुगडं नको. दार लावता येईल अशी एक खोली. ती इच्छा दात दुखावा तशी दुखायची, आणि ती मी रोज विहिरीवर यांच्या कानावर घालायची.

यांनी जग पाहिलेलं होतं. जग म्हणजे बेळगावचा कॅम्प. साहेबलोकांच्या बंगल्यांवर पडद्याचं कापड पोचवायला हे जायचे आणि येऊन सांगायचे, "एका बंगल्यात दोन मानसं आनि चार कुत्री. कुत्र्यास्नी सुदिक येगळी खोली हाय." ते ऐकून माझ्या अंगाची लाहीलाही व्हायची. शेवटी हेच एक दिवस म्हणाले, "देवीचीच अडचन हाय न्हवं? मग देवीलाच इचारू."

आमच्याकडं देवीला विचारायची रीत आहे. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवायची. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. सगळी गल्ली जमली. मी हात जोडून उभी होते आणि डाव्या फुलाकडं अशी बघत होते की ते भिऊनच चिकटून राहिलं असावं. उजवं फूल टपकन पडलं. देवीच हो म्हणाली म्हटल्यावर गल्लीचे पंच काय बोलणार? मामंजी मान हलवत घरी आले. म्युनिसिपालटीच्या कचेरीतला एक कारकून भर दुपारी येऊन टेप लावून गेला आणि त्यानं लिहून दिलं की रस्त्याला कसलाही अडथळा होत नाही. खरंच होतं ते, दुपारी आमची गल्ली रिकामीच असायची.

उन्हाळ्यात माडी चढली. मातीच्या भिंती, खानापूरची कौलं, गल्लीच्या बाजूला एक आणि मागच्या भातशेताच्या बाजूला एक अशा दोन खिडक्या. मुलगा झाला तो तिथंच. सकाळी मागच्या खिडकीतून ऊन थेट पाळण्यात यायचं. मी किती सुखात होते ते काय सांगू? दार लावायची गरज नसतानाही मी दिवसातून चार वेळा दार लावून बघायची. जाऊ हसायची. तिलाही मी दुपारची वर बोलवायची आणि आम्ही दोघी दार लावून नुसत्या बसायचो.

पावसाळ्यात ताणे बाहेर पडत नाहीत. दसरा झाला, दिवाळी झाली, थंडी पडली आणि गल्लीत पुन्हा पांजणी सुरू झाली. मार्गशीर्षात निपाणीचे व्यापारी आले. जैन गृहस्थ, माणूस गोड, पण कापडाच्या बाबतीत सख्ख्या भावाचं ऐकायचे नाहीत. लुगडं तळहातावर पसरून ते डोळे मिटून चाचपायचे. एक लुगडं त्यांनी बाजूला ठेवलं. "हे अर्धं खरबरीत हाय. गाठी लागल्यात." पुढच्या ताण्यातलंही एक ठेवलं. तेही अर्धंच.

घरात खळ शिजवायचं काम माझं होतं. सासूबाईंनी तोंड सोडलं. "माडीवर बसल्यावर खळीकडं ध्यान कसं ऱ्हाईल? गाठी पाडून ठेवती!" मी पीठ दोनदा चाळलं, तिसऱ्यांदा वस्त्रगाळ केलं, पळी फिरवून हाताला फोड आला. पुढच्या ताण्यातलं लुगडं तरीही अर्धं खराब निघालं. आता मला राग आला. चूक माझी असती तर मी कबूल केली असती, पण माझ्या खळीत गाठ नव्हती हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि खळच वाईट असती तर सहाही लुगडी वाईट निघायला हवीत. एकच का? आणि तेही निम्मंच का?

मी आक्काकडं गेले. ती आपल्या दारात चटईवर पाय पसरून बसली होती, सकाळची ती गुडघे उन्हात शेकायला तिथंच बसायची. तिच्या अंगावर नवं कोरं लुगडं होतं. आक्का आणि सणवार नसताना नवं लुगडं? मी पदराला हात लावला. खरबरीत. अर्ध्यापर्यंत गाठीच गाठी.

"इकलं न्हाय," आक्का म्हणाली. "मग म्या नेसले."

"ताण्यातलं कितवं?" मी विचारलं.

"चौथं."

आमचंही चौथंच होतं. शेजारच्यांकडं चौकशी केली तर तिथंही चौथं, आणि तिथं खळ करणारी सून, म्हणजे आक्काच्या माडीत माझ्यानंतर राहिलेली नवी पोर, रोज शिव्या खात होती. दोन घरं आपापल्या सुनेला धारेवर धरून बसली होती, तिसऱ्यानं लुगडं नेसून टाकलं होतं आणि एकानंही दुसऱ्याला सांगितलं नव्हतं. घरोघरी मातीच्या चुली, पण चूल झाकून ठेवायची रीत.

दुसऱ्या दिवशी ताणा पडल्यावर मी धागे सांधायच्या निमित्तानं विहिरीपासून चालायला लागले. एक लुगडं, दोन लुगडी, तीन. बोटं धाग्यांवर ठेवून चालले होते. धागे कोमट होते, कडक होत आले होते. चौथ्या लुगड्याच्या निम्म्यावर बोटांना एकदम गारवा लागला. ओलं. आठ हात पुढं गेले, ओलंच. मग पुन्हा कोरडं. पायाखालची जमीनही तेवढीच गार होती. मी वर बघितलं.

वर माझी माडी होती.

तिची सावली गल्लीच्या मधोमध पडली होती, घराच्या रुंदीएवढी, बरोबर आठ हात. उन्हाळ्यात सूर्य झपाट्यानं डोक्यावर येतो, तेव्हा ती सावली लवकर निघून जात असणार. आता थंडीत ऊन लोळत लोळत येतं आणि आमच्या माडीमागं अडकून बसतं. बाकीचा ताणा वाळला की लोक गुंडाळायचे, आणि तेवढा आठ हात ओला राहून एकमेकाला चिकटायचा. बुटक्या घरांचं कोडं सुटलं होतं. पूर्वजांनी उगवतीची घरं बुटकी ठेवली ती ताण्याला ऊन मिळावं म्हणून. आणि ज्यांनी ऊन सोडलं त्यांना समोरच्यांनी माडी द्यायची. म्हणून आक्का म्हणाली होती, तुमचीच हाय. सगळी गल्ली सुतात जन्म काढलेली, आणि तरी आम्ही फुलं लावून देवीला विचारून आलो, पण देवीचा यात काही संबंधच नव्हता.

एवढं मोठं कोडं सोडवलं म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. मला रडू आलं. कारण हे सांगितलं की माझी खोली जाणार होती.

मी गप्प बसले. यांनाही सांगितलं नाही. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. मनाला समजावत होते की थंडी सरेल, सूर्य वर येईल, पुढच्या थंडीचं पुढं बघू. शेजारच्या सुनेला शिव्या बसायला लागल्या की मी माडीची खिडकी लावून घ्यायची. मला माझीच लाज वाटत होती, आणि तरी दार लावल्यावर त्या खोलीत बरंही वाटत होतं. दोन्ही खरं आहे.

अकराव्या दिवशी सकाळी शेजारच्या दारात गठुडं बांधून ठेवलेलं दिसलं. पोरीला माहेरी धाडत होते. खळ सुद्धा येत नाही म्हणे. पोर उंबऱ्यावर बसली होती, रडतही नव्हती. त्या दिवशी ताणा आमचा होता. ताणा वाळत आला होता, मामंजी शेवटचा कुंचा फिरवत चालले होते, सगळी गल्ली बाहेर होती. मी डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि लग्नानंतर पहिल्यांदा सासऱ्याशी बोलले.

"मामंजी, चौथ्या लुगड्याला हात लावून बघा."

कुंचे थांबले. सासूबाईंचा हात तोंडावर गेला. मामंजी चालत तिथपर्यंत गेले, धाग्यांवर हात ठेवला आणि पुढंमागं सरकवला. मग त्यांनी वर बघितलं. मला वाटलं, आता कडाडतील.

"माज्या बानं कारन सांगितलं न्हवतं," एवढंच ते हळू आवाजात म्हणाले. मग यांच्याकडं वळून म्हणाले, "कौलं उतरीव."

हे माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी विहिरीवर म्हणाले, "गप बसली असतीस तर कुनाला कळनार हुतं?" मी म्हटलं, "मला कळलंतं न्हवं." शेजारच्या पोरीचं गठुडं सुटलं. त्या सासूनं तिची माफी मागितली असं काही मी ऐकलं नाही, पण त्या दिवशी तिच्या हातचा चहा तिनं मुकाट्यानं घेतला.

कौलं उतरली त्या संध्याकाळी आक्कानं हाक मारली. शेजारच्या जोडप्याचं वर्ष अजून पुरं व्हायचं होतं, म्हणून तिनं माडीच्या मधोमध बांबूचा कूड घालून दोन भाग केले होते. मी मूल कडेवर घेऊन, चटई काखेत मारून तिच्या घरातून जिन्याकडं निघाले. जिन्यापाशी ती म्हणाली, "किती दिस ठाऊक हुतं गं तुला?"

मी खोटं बोलू शकले असते. "अकरा," मी म्हटलं.

"मला पंदरा," आक्का म्हणाली. "माज्या दारातलं ऊन उशिरा याया लागलं, तवाच कळलं."

"मग बोलला का न्हाई?"

"माडी तुजी. तू बोलायचं." मग म्हणाली, "ती पोर गठुडं घिऊन गल्लीच्या भाईर पडली असती, तर म्या बोलले असते."

पुढची वीसएक वर्षं आमचं घर बुटकंच राहिलं. माझ्या दोन मुलींचा जन्म आक्काच्या माडीतला. दरम्यान शहर चहूबाजूंनी सुटत होतं. पिरनवाडीकडून दूध घेऊन येणारा गवळी सांगायचा, आता वाटेत मोकळं रान कमी आणि घरं जास्त लागतात. मग दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास सूत मिळेना, आणि मिळायला लागलं तेव्हा खळ लावलेले तयार ताणे कारखान्यातून गुंडाळून यायला लागले. एका सकाळी मी सडा घालायला दार उघडलं तर गल्ली रिकामी. दुसऱ्या दिवशीही रिकामी. आठ दिवसांत एका बैलगाडीवाल्यानं धीर केला आणि भल्या सकाळी गल्लीतून गाडी हाकली. कुणी त्याला अडवलं नाही.

महिन्याभरात पहिला कट्टा पुढं आला. मग दुसरा. गल्लीला पोटं सुटायला लागली. उगवतीच्या घरांना एकामागून एक माड्या चढल्या, पिढ्यान्‌पिढ्या दाबून धरलेलं सगळं एकदम वर आलं. सगळ्यात शेवटी आमची. मुलगा लग्नाचा झाला होता, त्याच्यासाठी हवीच होती. या वेळी देवीला कुणी विचारलं नाही.

माडीच्या पहिल्या सकाळी मी गल्लीकडची खिडकी उघडली. खाली आक्का तिच्या दारात चटईवर बसली होती, पंच्याहत्तरीची, पाय पसरून, अंगावर घोंगडी. ऊन नव्हतं. तिनं चटई उचलली आणि दोन घरं पुढं सरकली. तिथंही समोर माडीच होती. तिनं आणखी पुढं बघितलं आणि मग तशीच सावलीत बसून राहिली. मला भडभडून आलं. ताण्याची काळजी सगळ्यांनी केली होती. आक्काच्या गुडघ्यांची मीसुद्धा केली नव्हती, आणि दारातलं ऊन उशिरा येतं हे मला तर तिनं स्वतः सांगितलं होतं.

वर माडीत ऊन होतं, पण जिना तिला चढवत नव्हता. मी खाली गेले, तिची चटई काखेत मारली आणि तिला हाताला धरून आमच्या घरात आणलं. मागाला वळसा घालून, चुलीच्या मागून, परड्यात. परडं भातशेताला लागून, समोर सगळं मोकळं. ऊन पायापाशी लोळत होतं.

"खाली बघून चालू नका," मी म्हटलं. "घर तुमचंच हाय, आमी राखतोय."

ती हसली. कानडीत काहीतरी पुटपुटली, पण रागाचं नव्हतं. मग ती रोजच यायला लागली. न विचारता, आमच्या जेवणाऱ्या पोरांच्या पाठीमागून, थेट परड्यात.

स्वातंत्र्य येऊ घातलं होतं त्या हिवाळ्यात शेतात माणसं आली. साखळी, लाल निशाणं, खुंट्या. नवी वसाहत होणार होती. मला कुठं राहवतंय? मी कुंपणापाशी जाऊन त्यांच्या साहेबाला विचारलं. मोठा समंजस माणूस, त्यानं सगळं नीट सांगितलं. रस्ते चाळीस फुटी, प्लॉट चौकोनी, प्रत्येकाला हवा आणि उजेड. मी विचारलं, "उजेड कुणाच्या बाजूनं? सावली कुणावर पडनार?" तो हसला. म्हणाला, "बाई, तेवढं कोण बघतं?" मी त्याला एकदा सकाळी उन्हं यायच्या वेळी येऊन बघायला सांगितलं. तो हो म्हणाला. आला नाही.

परत वळले तर आक्का खुंट्यांकडं बघत होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं.

"त्यास्नी माडी चढवाया दोन वर्सं तरी लागतील न्हवं?" तिनं विचारलं.

"लागतील की."

"मग बास. मला तेवढी पुरतील," ती म्हणाली आणि गुडघ्यांवरची घोंगडी बाजूला केली.

तिला सव्वा वर्ष पुरलं. मागच्या प्लॉटवर पहिली माडी चढली तेव्हा आक्का नव्हती, तिची चटई तेवढी आमच्याकडंच राहिली होती. ती मी अजून परड्यात त्याच जागी टाकते. तिथं आता ऊन दहा वाजता येतं.